गाऊ का शिकवू? सांगली-मिरजेतून संगीतात एम. ए. करू पाहणाऱ्यांसाठी

जून लागला की माझ्याकडं दोघं-तिघं तरी येतात. विशारद झालेली असतात, बी. ए. किंवा बी. कॉम. झालेलं असतं, बरोबर बहुतेक वडील असतात. चहा होतो, पावसाच्या गप्पा होतात आणि मग मुलगा किंवा मुलगी विचारते, "सर, आता पुढं काय करू ओ? गाऊ का शिकवू?"

त्यातला तो 'का' मला खटकतो. आपल्या भागात हा प्रश्न पडायलाच नको. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं मिरजेत शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तिथं गवई घडवायचेच होते, पण गाणं शिकवणारे घडवायला त्यांनी उपदेशक वर्ग म्हणून वेगळी सोयही केली. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. त्यांच्या मैफली लोक आठवतात तितकेच त्यांचे शिष्यही आठवतात. सवाई गंधर्व, रोशनआरा बेगम ही नावं घेतली की पुरे. पलुस्कर आणि खाँसाहेब, ही दोन्ही माणसं गातही होती आणि शिकवतही होती, आणि एकासाठी दुसरं सोडावं असं त्यांना कधी वाटल्याचं दिसत नाही.

आता खरी अडचण. विद्यापीठाच्या एम. ए.त गाणं असतं, शास्त्र असतं, थोडं संशोधन असतं. 'वर्गात पन्नास पोरांना गाणं कसं शिकवायचं' हे मात्र बहुतेक ठिकाणी कुणी हाताला धरून शिकवत नाही. बी. एड.मध्ये वर्ग कसा सांभाळायचा ते शिकवतात, पण तिथं गाणं नसतं. म्हणजे दोन्हीचा सांधा आपला आपण जुळवायचा असतो. तो कसा जुळवायचा, ते सांगण्यासाठी हा लेख.

१. आधी कुठं पोचायचंय ते ठरवा

वाटा तीन आहेत, आणि तिन्हींना लागणारी कागदपत्रं वेगळी.

कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी, त्यात किमान ५५ टक्के, आणि वर नेट किंवा सेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची देशाची किंवा राज्याची पात्रता परीक्षा. राखीव प्रवर्गांना टक्क्यांत सवलत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत संगीतासाठी एक दुसरं दारही ठेवलेलं आहे, ते बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. नामवंत गुरूकडं शिकलेला, आकाशवाणी किंवा दूरदर्शनची 'ए' श्रेणी असलेला, पदवीधर आणि आपला विषय तर्कशुद्ध समजावून सांगता येणारा कलाकारही त्या पदाला पात्र ठरू शकतो. शेवटची अट नीट वाचा. नुसतं गाणं येऊन भागत नाही, ते सांगताही यावं लागतं. फक्त 'ए' श्रेणीपर्यंत पोचायला वर्षं जातात, तेव्हा बाविसाव्या वर्षी या दारावर भरवसा ठेवून बसू नका.

शाळेत जायचं असेल तर केंद्रीय विद्यालयं, नवोदय आणि खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळा हे मुख्य पर्याय. तिथं संगीतातली पदवी बघतात. बाकीच्या अटी प्रत्येक जाहिरातीत वाचायच्या.

तिसरी वाट स्वतःच्या क्लासची. तिला कुणाचीच पदवी लागत नाही, आणि म्हणूनच ती सगळ्यात अवघड. तिथं तुमची परीक्षा दर महिन्याच्या एक तारखेला असते.

इथं एक गैरसमज खोडून टाकतो, कारण त्यापायी माझ्या डोळ्यांसमोर एका मुलीची दोन वर्षं गेली. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, म्हणजे प्रारंभिकपासून विशारद आणि पुढं अलंकार, या अतिशय चांगल्या आहेत. माझा पाया त्यांनीच घातला. पण मंडळ म्हणजे विद्यापीठ नव्हे. "अलंकार म्हणजे एम. ए.च की" असं गावात सर्रास बोलतात. कुठल्या जागेसाठी कुठली परीक्षा समकक्ष धरायची हे जाहिरात देणारा ठरवतो, शेजारचे काका नाही. कॉलेजची नोकरी डोक्यात असेल तर अलंकार कराच, पण एम. ए.च्या जागी नको, एम. ए.बरोबर करा.

२. कुठं शिकायचं

सांगली, सातारा आणि कोल्हापूर ही तिन्ही जिल्ह्यांची कॉलेजं शिवाजी विद्यापीठाखाली येतात, आणि विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे. सांगलीहून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर. रोज येऊन-जाऊन करणारे पुष्कळ आहेत. मीही केलं. त्याचा फायदा असा की गुरू सुटत नाही आणि घरचं जेवण सुटत नाही. तोटा असा की सकाळचा रियाज एसटीत जातो.

बाहेर पडायची तयारी असेल तर पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे, मुलींसाठी एसएनडीटी आहे. त्याहून लांब बडोदा, बनारस हिंदू विद्यापीठ, छत्तीसगडमधलं खैरागढ. बनारस आणि खैरागढला गेलात तर हिंदीतून लिहायची सवय करून घ्या. आपल्या पोरांना ते जड जात नाही, पण 'ताना', 'आलापी' आणि 'बढत' यांवर दहा पानं हिंदीत लिहायची म्हटली की पहिल्या सत्रात दम लागतो.

विभाग निवडताना माहितीपत्रकातल्या इमारतीच्या फोटोकडं बघू नका. तिथं फोन करा, जमलं तर एक दिवस जाऊन बसा आणि तीन गोष्टी विचारा. तुमच्या घराण्याच्या किंवा निदान तुमच्या गळ्याच्या जवळचं गाणारं कुणी शिकवायला आहे का. प्रात्यक्षिकाला एकूण गुणांपैकी किती गुण आहेत. आणि विद्यार्थ्यांना खालच्या वर्गांवर शिकवायला मिळतं का. तिसरा प्रश्न ऐकून समोरचा माणूस थोडा थांबला तर उत्तर 'नाही' आहे असं समजा. म्हणून तिथं जाऊ नका असं मी म्हणत नाही. ती सोय आपल्याला बाहेर करावी लागेल, एवढं लक्षात ठेवा.

३. प्रवेशाची तयारी

प्रवेशाच्या वेळी बहुतेक ठिकाणी गाऊन दाखवावं लागतं, आणि वर दहा-पंधरा मिनिटं प्रश्न असतात. पंधरा राग 'झालेत' म्हणून यादी घेऊन जाणारे खूप असतात. चार राग घ्या. एक सकाळचा, एक दुपारचा किंवा सायंकाळचा, एक रात्रीचा, आणि चौथा आपल्याला मनापासून आवडतो तो. त्या चारांत विलंबित आणि द्रुत बंदिश, आलाप, बोल आणि ताना इतकं पक्कं करा की मध्येच थांबवून "आता हाच स्थायीचा मुखडा तिहाई घेऊन समेवर आणा" असं म्हटलं तरी घाम फुटू नये.

ताल हातावर दाखवता यायला हवेत. एकताल, त्रिताल, झपताल, रूपक. रूपकात समेलाच, म्हणजे पहिल्या मात्रेलाच, 'खाली' (टाळीऐवजी रिकामा हात) असते, तिथं हात पसरून दाखवायचा; गडबडीत टाळी वाजवली की समोरचे एकमेकांकडं बघतात. तंबोरा स्वतः लावता यावा. मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर वाढलेल्या पिढीला हे अवघड जातं, आणि परीक्षकांना ते बरोबर ठाऊक असतं.

स्वरलिपीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथं मी स्वतः आपटलोय. आपल्याकडं मंडळाच्या परीक्षांमुळं पलुस्कर पद्धत डोळ्यांत बसलेली असते. विद्यापीठातली पुस्तकं बहुतेक भातखंडे पद्धतीची. दोन्हींत काही चिन्हं तीच, पण अर्थ उलटे. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं). पलुस्कर पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, आणि तार सप्तकाला वर उभी रेघ. भातखंडे पद्धतीत फुली समेची. पलुस्कर पद्धतीत अधिकचं चिन्ह खालीचं, आणि समेला १ चा आकडा. कोमल स्वराला भातखंडे खाली आडवी रेघ देतात, पलुस्करांच्या पद्धतीत पाय मोडल्यासारखी खूण.

मी एकदा वर्गात जुन्या वहीतून मालकंसातली एक ओळ फळ्यावर उतरवली. वही पलुस्कर पद्धतीची, मी वाचली भातखंडे समजून. मंद्रातला धैवत तारात गेला. पोरांनी बिचाऱ्यांनी इमानेइतबारे तो वर नेऊन गायला. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, हे लई उंच जातंय ओ." मी त्याला "प्रयत्न कर" म्हणालो. घरी जाऊन वही बघितली आणि दुसऱ्या दिवशी पोरांची माफी मागितली. तेव्हापासून नव्या विद्यार्थ्याला मी सांगतो, एक बंदिश दोन्ही पद्धतींत स्वतःच्या हातानं लिहून काढा, एकाखाली एक. एवढं केलं की गोंधळ कायमचा जातो.

४. दोन वर्षांचं गणित

नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडच्या एम. ए.त क्रेडिटचा हिशोब आलाय. पहिल्या वर्षी संशोधनपद्धतीचा पेपर असतो, आणि ओजेटी म्हणून प्रत्यक्ष कामाचा एक भाग असतो. बरेच जण हा भाग कुठल्या तरी कार्यक्रमाच्या आयोजनात खुर्च्या मांडून उरकतात आणि सही घेऊन येतात. तसं करू नका. हीच ती फट आहे जिथून शिकवणं तुमच्या पदवीत शिरू शकतं. विभागाची परवानगी घेऊन गावातल्या एखाद्या शाळेत जा, मुख्याध्यापकांना सांगा की मी तुमच्या सहावी-सातवीला आठवड्यातून दोन तास गाणं शिकवतो, पैसे नकोत, शेवटी पत्र द्या. नाही म्हणणारी शाळा मला अजून भेटलेली नाही. संगीताच्या शिक्षकाची जागा रिकामी नाही अशी शाळा शोधायला त्यापेक्षा जास्त हिंडावं लागेल.

दुसऱ्या वर्षीचा प्रकल्पही तिथंच लावा. "ग्वाल्हेर घराण्याचा उगम आणि विकास" यावर लिहून झालेली बाडं कपाटात पुरेशी आहेत. त्यापेक्षा "सातवीच्या मुलांना भूप शिकवताना कुठं अडतं" यावर वर्षभर नोंदी ठेवल्या तर तुमच्याकडं स्वतःचं असं काही तरी असतं, आणि मुलाखतीत बोलायला विषय मिळतो.

रियाजाचं वेळापत्रक मी कुणाला आखून देत नाही. एकच सांगतो, शिकवायला लागलात की पहिला बळी रियाजाचा जातो. चार वर्ग घेऊन घरी आलं की गळा थकलेला असतो आणि मनाला वाटतं, दिवसभर गातच तर होतो. ते गाणं नसतं. तो सा-रे-ग-म शंभर वेळा म्हणणं असतं. म्हणून रियाज वर्गांच्या आधी, सकाळी. मी एसटी पकडायच्या आत पाऊण तास खर्ज लावायचो. पाऊण तास कमी वाटतो, पण रोजचा पाऊण तास रविवारच्या चार तासांपेक्षा जास्त टिकतो.

मैफलीत गायची संधी मात्र मागून घ्यावी लागते. मिरजेत नवरात्रात अंबाबाईच्या देवळात गाणं होतं, मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं. तिथं लगेच बसायला मिळणार नाही, पण ऐकायला जा, आणि मोठ्या कलाकारांच्या मागं तंबोऱ्यावर बसायची संधी आली तर पाय दुखतात म्हणून सोडू नका. रात्री दीड वाजता एखादा बुजुर्ग गवई समेआधी क्षणभर थांबतो तेव्हा त्याच्या मानेची शीर कशी सुटते, हे तंबोऱ्यावर बसलेल्याला दिसतं. तिसऱ्या रांगेतून दिसत नाही.

५. शिकवायला शिकणं

हा भाग लांबणार, कारण याबद्दल कुणी लिहीत नाही.

माझा पहिला वर्ग एका शाळेच्या सभागृहात होता. सातवीची पन्नासच्या वर मुलं, एक पेटी, तिचा एक स्वर सतत रेंगाळणारा. मी यमनचा बडा ख्याल सुरू केला. विलंबित एकताल. मला वाटलं, पोरांच्या कानावर उत्तम गाणं पडू दे. पाच मिनिटांनी पहिली रांग माझ्याकडं बघत होती, दुसरी खिडकीकडं, तिसरी झोपली होती. मला राग आला पोरांचा. आता हसू येतं. मी मैफल केली होती, वर्ग घेतला नव्हता.

वर्ग घ्यायचा तर आधी पट्टी, म्हणजे पेटीवरच्या कुठल्या सुराला सा धरायचं ते; काळी एक, काळी दोन ही तिथल्या काळ्या पट्ट्यांची नावं. गाणाऱ्या पुरुषाची पट्टी साधारण काळी एक किंवा काळी दोन, आणि आपण नकळत त्याच पट्टीत पोरांना गायला लावतो. ती खाली घरघरतात आणि आपण म्हणतो, सुरात नाहीत. पोरांना काळी चार, काळी पाच जवळची. पण तिथं आपला गळा चिरकतो. माझी पट्टी काळी एक. तिचा मध्यम म्हणजे काळी तीन, पंचम म्हणजे काळी चार. म्हणजे मी माझ्या मध्यमाला किंवा पंचमाला षड्ज, म्हणजे सा, मानून गायलो तर पोरांच्या पट्टीत येतो आणि माझी तारेतली ओढाताणही वाचते. तारेला जिथं पोचत नाही तिथं पेटी वाजवायची आणि पोरांना गाऊ द्यायचं. यासाठी मध्यमाचा रियाज वेगळा करावा लागतो. शिकवण्यासाठी रियाज करावा लागतो म्हणतात तो हा. बायकांना ही अडचण कमी येते. माझ्याबरोबर शिकणाऱ्या मुली पहिल्याच दिवशी पोरांच्या पट्टीत निवांत गात होत्या आणि आम्ही मुलगे घसा खाकरत होतो.

आठवीतल्या मुलांचा आवाज फुटतो. कालपर्यंत सुरेल गाणारा पोरगा आज बेडकासारखा आवाज काढतो, सगळे हसतात, आणि तो गाणं सोडतो. त्याला बाहेर बसवू नका. त्याला खालच्या सप्तकात मोजकेच स्वर द्या, ताल धरायला द्या, तंबोरा छेडायला द्या. सहा-आठ महिन्यांत आवाज बसतो. तोवर त्याला वर्गात टिकवणं एवढंच आपलं काम.

आता एक पाठ जवळून बघू. भूप. सा रे ग प ध, मध्यम आणि निषाद नाहीत. वर्गाला शिकवायला सोपा राग म्हणून सगळे भूपापासून सुरुवात करतात. आणि पहिल्याच दिवशी पोरं ग नंतर म लावतात. दहा वेळा सांगितलं तरी लावतात. त्यांचा कान खराब नसतो. आपणच त्यांना पहिल्या महिन्यात सा-रे-ग-म पाठ करायला लावलेलं असतं, जीभ आपोआप तिकडं वळते. "म नाही लावायचा" असं ओरडून तो जास्तच पक्का होतो. मी काय करतो, उजव्या हाताची बोटं दाखवतो. अंगठा सा, पहिलं बोट रे, मधलं ग, करंगळी प. अनामिका मुडपून ठेवायची, तो मध्यम. मग मधल्या बोटावरून थेट करंगळीवर उडी. ग-प, ग-प, प-ग. नाव न घेता, नुसत्या आकारात. दोन दिवस एवढंच. तिसऱ्या दिवशी स्वरांची नावं. म परत आला नाही असं नाही, पण आल्यावर पोरं स्वतःच हसतात आणि बोट मुडपतात. बस्स, तेवढंच हवं होतं.

स्वतःचा पाठ मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि घड्याळ लावून ऐका. मी ऐकला तेव्हा पस्तीस मिनिटांच्या तासात मी एकोणीस मिनिटं बोललो होतो. रागाचा समय, वादी-संवादी, घराणं. पोरं गायली सहा मिनिटं. उरलेला वेळ हजेरी आणि "शांत बसा". गायनाच्या तासात गायलं कमी जातं, आणि दोष पोरांचा नसतो. तेव्हापासून मी दर महिन्याला एक तास मोजतो. आपल्या मैफलीचं ध्वनिमुद्रण आपण ऐकतोच की, मग वर्गाचं का नाही?

मुलं कशासाठी येतात हेही जाणून घ्या. शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून येणारी खूप. त्यांच्यावर चिडू नका. परीक्षा झाली की क्लास सुटणार हे त्यांनाही माहीत असतं आणि आपल्यालाही. त्यातली एखादी दहावीनंतरही येत राहते. ती कोण असेल ते आधी कळत नाही, म्हणून सगळ्यांना नीट शिकवायचं. आणि नाट्यगीतं शिकवायला लाजू नका. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथं नाटक उभं केलं त्या सांगलीत, आणि बालगंधर्वांचं नागठाणं ज्या जिल्ह्यात आहे तिथं, पोराच्या आजोबांना एखादं पद येत असतंच. घरून पद शिकून आलेल्या पोराला त्यातला राग दाखवला की तो राग पाठ करावा लागत नाही.

६. तंबोरा घ्या, पण

मिरजेत राहून मोबाइलच्या तंबोऱ्यावर गाणं म्हणजे नदीकाठी बाटलीचं पाणी पिणं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण घाई नको. सतारमेकरांकडं जाऊन आधी दोन-चार वेळा नुसतं बसा. पंढरपूर भागातून आलेले भोपळे वर टांगलेले असतात, कुणी घोडीवर कानस फिरवत असतो. आपली पट्टी सांगा. पुरुषी आणि बायकी तंबोऱ्याचं माप वेगळं असतं, हे न विचारता घेणारेही मी पाहिलेत.

जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, लावताना समोर बसा. तार घोडीवर टेकते तिथं दोऱ्याचा एक बारीक तुकडा असतो. तो केसभर पुढंमागं सरकवला की मघाशी 'टण्ण' वाजणारी तार गुणगुणायला लागते. नीट लागलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो, कुणी न छेडता. तो एकदा वर्गाला ऐकवा. दिवे मालवून, दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. शेवटच्या बाकावरचा, कधीच लक्ष न देणारा पोरगा म्हणाला होता, "सर, आतमध्ये कोण तरी गातंय." माझ्या सगळ्या व्याख्यानांना जे जमलं नाही ते त्या तारेनं केलं होतं.

पावसाळ्यात खुंट्या फुगतात, जोर लावू नका. एसटीत तंबोरा टपावर कधीच टाकू नका. दोघांचं तिकीट काढा, शेजारी बसवा. कंडक्टर कुरकुरतो. कुरकुरू द्या.

७. पैसा

थोडक्यात सांगतो. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे. वय १८ ते २५, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. एम. ए.च्या वयात ती बरोबर बसते, आणि आपल्याकडची पोरं तिचा अर्जच करत नाहीत. अर्जात गुरूंचं शिफारसपत्र लागतं, ते आधीच घेऊन ठेवा. पदवीनंतर लगेच कायम नोकरी मिळेल असं धरू नका. कॉलेजात बहुतेक सुरुवात तासिका तत्त्वावर होते, तासाला पैसे आणि सुट्टीत शून्य. तोवर स्वतःचा क्लास हाच आधार. क्लासची फी पहिल्या दिवशी कागदावर लिहून द्या. "तुम्हाला काय वाटेल ते द्या" म्हणणाऱ्या शिक्षकाला पालक मान देतात, पैसे देत नाहीत.

८. नेट, सेट आणि कागदपत्रं

नेटला दोन पेपर एकाच बैठकीत असतात, तीन तास, एकूण १५० प्रश्न, ३०० गुण, चुकीला गुण कापत नाहीत. त्यामुळं एकही प्रश्न सोडू नका. पहिला पेपर सगळ्यांना सारखा, त्यात अध्यापन आणि संशोधन यांवरचे प्रश्न असतात. इथं वर्गात घालवलेले ते दोन तास कामी येतात. संगीताच्या पेपरात नुसतं हिंदुस्थानी नसतं, कर्नाटक संगीत आणि इतर प्रवाहांवरही प्रश्न येतात, म्हणून मेलकर्त्यांकडं, म्हणजे कर्नाटक संगीतातल्या मूळ मेळांकडं, पाठ फिरवू नका. राज्याची सेट पुणे विद्यापीठ घेतं. दोन्ही द्या. एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला असतानाच नेट देता येते. तेव्हा द्या, शास्त्र ताजं असतं.

आणि आजच, हा लेख वाचून झाल्यावर, दहावीचं प्रमाणपत्र, पदवीची गुणपत्रिका, विशारदचं प्रमाणपत्र आणि आधार ही चार कागदं एकत्र समोर ठेवा. नावाचं स्पेलिंग आणि वडिलांचं नाव चारही ठिकाणी तेच आहे का ते बघा. माझ्या विशारदवर आडनाव आधी, पदवीवर शेवटी, आणि एका ठिकाणी वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. प्रवेशाची मुदत संपायला सहा दिवस उरले असताना ते लक्षात आलं, आणि त्या सहांतले चार मी सांगलीत शपथपत्रासाठी रांगेत काढले.